हा घास मोर्दिस्केआरचा

माझी लेक घरी बसून एका ऑनलाइन भाषा शिकवणाऱ्या कंपनीचं काम करते. इंग्रजी शब्द, त्याच्या शेजारी स्पॅनिश शब्द आणि खाली वापरून दाखवलेलं एकेक वाक्य, असे धडे ती तयार करते. मध्यंतरी कंपनीला सुचलं की आता मराठीही घालावी. तेव्हा एका सकाळी वसमतच्या आमच्या स्वयंपाकघरात तिनं लॅपटॉप माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाली, "आई, एवढं बघून दे. थोडं थोडं, बारीक घास घेऊन खाण्याचे शब्द आहेत."

मी इथल्याच एका शाळेत इंग्रजी शिकवते, म्हणून तिला वाटलं आईला हे सोपं जाईल. मी चष्मा लावून वाचू लागले. इंग्रजीच्या बाजूला निबल, पेक, नॉ, निप असे एकाखाली एक शब्द होते. स्पॅनिशच्या बाजूला मोर्दिस्केआर, पिकोतेआर, रोएर, पिकार. आणि मराठीच्या बाजूला कंपनीतल्या कुणा शहाण्यानं वरपासून खालपर्यंत एकच लिहून ठेवलं होतं, 'लहान घास घेणे'. शिक्षा म्हणून एकच ओळ लिहायला लावावी तसं.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. उंदीर कुरतडतो, चिमणी दाणे टिपते, शेळी शेंडे खुडते, रुसलेलं पोरगं ताटातलं नुसतं चिवडत बसतं, दात गेलेलं माणूस सुपारीचं खांड तासभर चघळतं. यातलं एकही या लोकांनी कधी पाहिलं नव्हतं का? आमच्याकडे उंदीर आणि चिमणी एकाच तऱ्हेनं खातात असं त्यांना वाटलं की काय? लेक म्हणाली, "तू माझ्यावर काहून चिडून राहिली? मी कुठं लिहिलंय ते."

तिचं बरोबर होतं. राग आधीपासून साठलेला होता आणि त्याचं कारण त्याच टेबलाशी खुर्चीत बसलं होतं. गळ्याभोवती पंचा, मांडीवर निर्जीव उजवा हात, समोर वाटीत मुगाची मऊ घोटलेली खिचडी. माझे वडील.

बाबा एसटीत कंडक्टर होते. हिंगोली, औंढा, वसमत, पुन्हा हिंगोली, असं त्यांचं आयुष्य गेलं. गाडी स्टँडवर लागली की ड्रायव्हर चहा घेईपर्यंत यांनी डबा संपवलेला असायचा. भाकरीचे चार तुकडे, पिठल्यात बुडवून, चावायची भानगडच नाही. आई चिडायची तर म्हणायचे, "गाडी थांबती का माझ्या घासासाठी?" अशा माणसाला लकवा मारला आणि उजवी बाजू, वाचा आणि गिळण्याची ताकद एकदमच गेली. हात आणि वाचा गेल्याचं सगळ्यांना दिसायचं. गिळणं गेल्याचं कुणाला दिसत नव्हतं, आणि सगळा घोळ तिथंच झाला.

नांदेडच्या डॉक्टरांनी नीट बसवून समजावलं होतं. मोठा घास घशात अडकेल नाहीतर श्वासाच्या वाटेनं छातीत उतरेल आणि मग निमोनिया. ताठ बसवायचं, हनुवटी जरा खाली, अर्धा चमचा, गिळलेलं बघायचं, मगच पुढचा. आणि सगळ्यात वाईट म्हणजे साधं पाणी. ते पळतं, त्याला आवरायला घसा तयार नसतो. म्हणून पाणीही पेजेसारखं दाट करून चमच्यानं द्यायचं. मी हे ऐकलं आणि बाबांना सरळ माझ्या घरी आणलं. भावाचं घर पुसेगावकडं, शेतात. तिथून दवाखाना लांब, आणि वहिनीला दोन लहान लेकरं. सगळ्यांना हे त्या वेळी पटलं. "जरा बरं वाटलं की घेऊन जातो," असं भाऊ म्हणाला. बापानं लेकीच्या दारात किती दिवस राहायचं, हा प्रश्न आमच्या भावकीत डॉक्टरांच्या सूचनांपेक्षा मोठा होता.

पहिले दिवस फार वाईट गेले. बाबा तोंडच उघडेनात. मी वाटी घेऊन बसले आणि लहानपणापासून तोंडात बसलेलं तेच तोंडातून निघालं, हा घास चिऊचा, हा घास काऊचा. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी मधेच थांबले. ज्यानं भरलेल्या गाडीत फुकट्यांना कॉलर धरून खाली उतरवलं, त्या माणसाला मी चिऊकाऊ ऐकवत होते. त्यांनी मान भिंतीकडे वळवली. खिचडी थंड झाली.

मार्ग लेकीला सापडला, तोही तिच्या कामातून. ती शेजारी बसून ते शब्द मोठ्यानं म्हणून बघत होती. "निबल," ती म्हणाली आणि बाबांनी मान वळवली. "मोर्दिस्केआर." बाबांच्या कपाळाला आठी पडली. हे काय नवीन, असा चेहरा. ती लगेच चमचा पुढे करून म्हणाली, "आजोबा, हा थांबा निबल. पुढचा थांबा मोर्दिस्केआर. चला." आणि बाबांनी तोंड उघडलं. चिऊकाऊचा घास लहान लेकराचा होता. हे मात्र त्यांना रीतसर काम वाटलं असावं. एकामागून एक थांबे, कुठलाही गाळायचा नाही, आणि वाटी रिकामी झाली की गाडी डेपोत.

थोड्या दिवसांत त्यांनी स्वतःची खूणही काढली. घास गिळून झाला की चांगल्या डाव्या हाताचा अंगठा आणि बोट जवळ आणून दाबायचे, टिक. कंडक्टर तिकिटाला भोक पाडायच्या चिमट्यानं करतात तसं. हे तिकीट झालं, पुढचं घ्या. एवढी वर्षं त्यांनी कागदाचा बारीक बारीक चावा घेतला होता, तोच हात आता आम्हाला सांगत होता की घास केवढा असावा आणि कधी द्यावा. एक जेवण व्हायला दिवसाचा केवढा तरी भाग जायचा. मी शाळेत असले की लेक भरवायची, कारखान्यावर पहिली पाळी नसली की माझा नवरा भरवायचा. त्याला मोर्दिस्केआर म्हणता येईना, तो 'मोरेश्वर' म्हणायचा. बाबा तेही चालवून घ्यायचे.

आता इंग्रजीतली ती वाक्यं ऐका. निबलखाली होतं, बाईनं चहाबरोबर बिस्किटाचा एक कोपरा खाल्ला. पेकखाली होतं, वजन कमी करायचं असल्यानं तिनं जेवणातलं थोडंच टिपलं. सगळ्या बायका, सगळ्या बारीक होऊ बघणाऱ्या. लहान घास म्हणजे यांच्या लेखी नखरा. स्पॅनिशचं वाचलं तर ते आणखी वेगळं. लेक सांगत होती, तिकडे जेवणाआधी चारचौघं उभ्या उभ्या बारक्या बशांमधून तासभर थोडं थोडं खात गप्पा मारतात, त्याला पिकार म्हणतात, आणि ती मोठी मजेची गोष्ट समजली जाते. म्हणजे तिकडे तासभर खाल्लं की संस्कृती. माझ्या बापानं तासभर खाल्लं की त्याचे हाल. मला याचा फार संताप यायचा, आणि तो कुणावर काढावा तेही कळत नव्हतं, कारण स्पेनमधल्या माणसांनी माझं काही वाकडं केलं नव्हतं.

वाकडं करणारे आपलेच. आजाऱ्याला भेटायला रिकाम्या हातानं जायचं नाही, हे आपल्याकडे जन्मतः शिकवलेलं असतं. इथपर्यंत ठीक. पण नुसतं आणून भागत नाही. आपण आणलेलं आजाऱ्याच्या तोंडात आपल्या हातानं घालायचं, तेव्हाच भेट पुरी झाली. लग्नाच्या पंगतीत नको नको म्हणणाऱ्याच्या तोंडात जिलबी कोंबतात ना, तीच ही माया. घास जितका मोठा तितका जीव मोठा. कुणी धपाटं आणलं, कुणी बुंदीचा लाडू, कुणी केळ. मी दारातच डॉक्टरांचं सांगायची. लोक मान हलवायचे, आणि मी चहा टाकायला आत वळले की पिशवीची गाठ सुटलेली असायची. एकीनं तर बाबांच्या ओठाशी लाडू धरलाच होता, तेव्हा मी तिला पकडलं. ती मलाच म्हणाली, "बाई, येवढुशानं काय होतंय? तुमी लईच कायदा करून राहिल्या."

तीच बाई पुढे पुसेगावकडं एका लग्नाला गेली आणि तिथं तिनं माझ्या आत्याला सांगितलं. आत्या म्हणजे बाबांची धाकटी बहीण, भावावर जीव ओवाळून टाकणारी आणि उचलली जीभ लावली टाळ्याला अशी. तिच्यापर्यंत पोचेपर्यंत गोष्ट अशी झाली होती की लेक बापाला अर्धा अर्धा चमचा देते, पाणी पिऊ देत नाही, घरी आणलेलं कुणाचं खाऊ देत नाही, आणि वर नात त्याला इंग्रजी शब्द म्हणून चिडवते. दुसऱ्या दिवशी भावाचा फोन आला. "ताई, रविवारी येतो. बाबाला घेऊन जावं म्हणतो." मी विचारलं, डॉक्टर काय म्हणाले ते ठाऊक आहे का. तो म्हणाला, "लोक काय म्हणून राहिले ते तुला ठाऊक हाय का?"

रविवारी ते जीप घेऊन आले. आत्यानं पुरणपोळ्या आणल्या होत्या, तुपानं डबा ओघळत होता. बाबांना पाहून ती रडली, आणि ते रडणं खरंच होतं. बाबा वाळले होते, लकव्यानंतर माणूस वाळतं. पण ती डोळे पुसून माझ्याकडे वळली ती भांडायलाच. "माझ्या भावाची ही दशा केली तू? भरल्या घरात उपाशी?"

मी सांगायला सुरुवात केली. ताठ बसवणं, हनुवटी, छातीत उतरणं. शाळेत जसं मागच्या बाकापर्यंत पोचावं म्हणून सावकाश सांगते तसं सांगितलं. भाऊ जमिनीकडे बघत होता. आत्यानं मधेच हात झटकला. "आमच्यात कुणाला लकवा झालाच न्हाई जसा. खाल्ल्याबिगर अंगात ताकद येती का? माझ्या हातची पोळी त्यानं खाल्ली की आमी त्याला घेऊन जातो. बराबर खातो का न्हाई बघ."

पी हळद आणि हो गोरी. एका पोळीत सगळं बरं होणार होतं. मी म्हणाले, "आत्या, पोळी मी दुधात कुस्करून देते. तुम्हीच भरवा, पण चमच्यानं." हे मी नमतं घेऊन म्हणाले होते, मला आजही ते आठवून राग येतो, कारण तोवर तिनं पोळीचा घसघशीत तुकडा मोडला होता. बाबांच्या तोंडाशी नेऊन म्हणाली, "घे रे माझ्या राजा." आणि बाबांनी, आयुष्यभर बहिणीच्या हातचं कधी नाकारलं नाही म्हणून, तोंड उघडलं.

पुढचं सगळं फार लवकर घडलं. बाबांना ठसका लागला, मग ठसकाही येईना. डोळे मोठे झाले, चेहरा काळवंडत चालला, डावा हात हवेत काहीतरी शोधू लागला. आत्या त्यांच्या डोक्यावर थापट्या मारत "पाणी, पाणी" करू लागली. भावानं झटकन तांब्या उचलला आणि त्यांच्या ओठाला लावायला गेला. मी त्याच्या हातावर असा फटका मारला की तांब्या उडून दाराशी जाऊन पडला. सगळ्या फरशीवर पाणी झालं.

तोवर लेकीनं आजोबांना पुढं वाकवलं होतं. तळहाताच्या टाचेनं दोन खांद्यांच्या मधे ती मारत होती, दवाखान्यात शिकवलं होतं तसं. मी तोंडात बोट घालण्याचा मोह आवरून नुसती समोरून त्यांना धरून बसले. मग तो तुकडा बाहेर पडला, पंच्यावर, जवळजवळ आख्खा. बाबांनी श्वास ओढला.

मला वाटलं आता कळलं असेल. मला वाटलं आत्या निदान खाली बसेल, भाऊ निदान एक शब्द म्हणेल. आत्यानं पदरानं तोंड पुसलं, दाराशी पडलेल्या तांब्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "जीव चालला होता त्याचा, आणि पोटच्या पोरीनं तोंडचं पाणी उडवलं."

माझ्या हातून त्या दिवशी काय झालं असतं सांगता येत नाही. एवढी वर्षं वर्गातल्या पोरांवर हात उगारला नाही, पण त्या क्षणी माझी वडीलधारी आत्या मला वडीलधारी दिसत नव्हती. आपल्याकडे मरणाऱ्याच्या तोंडात पाणी घालणं हे सगळ्यात मोठं पुण्य, म्हणून मी सगळ्यात मोठं पाप केलं होतं. माणूस मरत असताना पाणी पाजणाऱ्याचा मान राहतो. माणूस मरू नये म्हणून पाणी अडवणारीला कुठला मान? मी तोंड उघडलं होतं. सगळं बोलणार होते, आईच्या शेवटच्या दुखण्यात कोण किती दिवस येऊन राहिलं होतं इथपासून.

तेवढ्यात बाबांचा हात वर झाला. धाप अजून लागलेली होती, डोळ्यांतून पाणी येत होतं. त्यांनी अंगठा आणि बोट जवळ आणून दाबलं. टिक. मग पुन्हा, जरा जोरात.

"काय म्हणून राहिले?" आत्यानं विचारलं.

उत्तर भावानं दिलं. लहानपणी सुट्टीत तो बाबांच्या गाडीतून ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसून दिवसभर फिरायचा. तो खालच्या आवाजात म्हणाला, "तिकीट फाडा म्हणून राहिले." आणि तो भिंतीला टेकून बसला.

लेकीनं खिचडीची वाटी आणली. बाबा थोडे शांत होईपर्यंत थांबली, त्यांना ताठ बसवलं, हनुवटी बोटानं खाली घेतली. "हा घास निबलचा," ती म्हणाली. बाबांनी घेतला, गिळला, आम्ही सगळ्यांनी गळ्याकडे बघत गिळलेलं पाहिलं. टिक. "हा मोर्दिस्केआरचा." टिक. "हा पिकोतेआरचा." आत्या पहिल्यांदा तोंड वेंगाडून ऐकत होती. मग नुसती बघत राहिली. बाहेर जीपवाल्यानं दोनदा हॉर्न दिला, कुणी उठलं नाही. ऊन खिडकीतून सरकून फरशीवरच्या पाण्यापर्यंत आलं, फरशी वाळली, तरी वाटीत अजून खिचडी होती. माझ्या बापाचं एक जेवण केवढं मोठं असतं हे त्या दोघांनी त्या दिवशी पहिल्यांदा बसून पाहिलं.

ते बाबांना न घेता गेले. भाऊ जीपमध्ये चढताना म्हणाला, "राहू दे इथंच." आत्या मात्र पुढे जिथं जिथं गेली तिथं तांब्याची गोष्ट सांगत राहिली. ती अजूनही सांगते. अलीकडे बाजारात एक ओळखीची बाई मला पाहून दुसरीच्या कानाशी लागली, तेव्हा मला कळलं की गोष्ट वसमतपर्यंत आली आहे. मला त्याचं काही वाटत नाही असं म्हणायला मी काही संत नाही. मला वाटतं. रोज वाटतं. उरलेली पोळी मात्र मी दुसऱ्या दिवशी दुधात कुस्करून दिली, आणि बहिणीच्या हातची म्हणून बाबांनी वाटी चाटूनपुसून संपवली.

कंपनीची मराठी मी भरून दिली. कुरतडणे, टिपणे, खुडणे, चिवडणे, चघळणे, प्रत्येकाला त्याची त्याची जागा. बिस्किटवाल्या बाईला काढून टाकलं आणि त्या जागी आमच्या घरातलं, बाबांच्या जेवणाचं एक वाक्य घातलं. ते त्यांनी परत पाठवलं. म्हणे, या वाक्यात लहान घास कुठं दिसतच नाही, यात नुसता माणूस जेवतोय. मी लेकीला सांगितलं, त्यांना कळव, वाक्य बदलणार नाही.

भाऊ आता रोज दुपारी फोन करतो, शेतातून, वाऱ्याचा आवाज येत असतो. आधी तो "कसं काय" विचारायचा, आता सरळ तेवढंच विचारतो.

"बाबा जेवले का?"

मी फोन कानाशी धरून टेबलाकडे बघते. लेकीच्या हातात चमचा असतो, बाबांचा डावा हात मांडीवरून वर येत असतो.

"जेवून राहिलेत," मी सांगते.